मी काढते ना फोटो

सासूबाईंच्या पंचाहत्तरीला घरी फोटोग्राफर बोलवायचा, हा निर्णय माझा नव्हता. माझा निर्णय त्याहून पुष्कळ लहान होता. त्या फोटोत आपणही उभं राहायचं, एवढाच.

ऐकायला यात काही विशेष वाटत नाही, मला ठाऊक आहे. पण आमच्या घरातले फोटो पाहिलेत तर तुमची खात्री पटेल की माझ्या नवऱ्याचं लग्नच झालेलं नाही आणि मुलगी कुठून तरी परस्पर आलेली आहे. समुद्रावर हे आणि लेक. बागेत हे, लेक आणि सासूबाई. मी कुठेच नाही. "मी काढते ना फोटो, तुम्ही उभे राहा," असं म्हणत मी सगळं आयुष्य कॅमेऱ्यामागे काढलं. कुणी अगदीच हातातून कॅमेरा काढून घेतला, तर मी पुढ्यात काहीतरी धरायचे. लेक लहान होती तोवर लेक. ती मोठी झाल्यावर उशी, छत्री, आणि एकदा एका नातेवाइकांकडे चक्क कुंडी. (त्या फोटोत झाड फार सुंदर आलंय.)

मी जाड आहे. लोक 'अंगानं भरलेली' म्हणतात, 'तब्येतीनं बरी' म्हणतात, पण वजनकाटा असा भिडस्त नसतो.

नोकरी मात्र माझ्या सोयीची आहे. बस डेपोत मी चौकशीच्या खिडकीत बसते आणि गाड्यांच्या घोषणाही मीच करते. खिडकीतून फक्त चेहरा दिसतो, आणि आवाज माझा बारीक आहे. (माझ्यातलं बारीक असं तेवढंच.) एकदा एक गृहस्थ मुद्दाम खिडकीशी आले, वाकून आत बघितलं आणि म्हणाले, "त्या घोषणा करणाऱ्या मॅडम कुठे गेल्या?"

"जेवायला," मी म्हटलं.

मी म्हणाले असते, "मीच ती," तर काय बिघडलं असतं? पण ते नाही जमलं. गृहस्थ तिथेच उभे राहिले, आणि त्यांच्या देखत मला माइक हातात घेता येईना. त्या दिवशी दोन गाड्या घोषणेवाचून सुटल्या आणि साहेबांनी मला बोलावून विचारलं, "घसा बसला होता का?" मी हो म्हटलं. इतकी सोय मी स्वतःला लपवण्यासाठी केलेली होती.

तर, फोटो. तो ठरला आणि मी लगेच कामाला लागले. पंधरवड्यात बारीक व्हायचं. सूप, काकडी, पुन्हा सूप. आमची लेक चौदाची. बाळ असताना ती गुटगुटीत होती म्हणून तिला ढमी म्हणायचे, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. ती दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "मी पण आईचंच खाणार." मला कौतुक वाटलं. पोरगी समजूतदार आहे, वेळेवर सावध झाली, असं मी मनात म्हटलं. काय म्हणावं मला!

पंधरवडा संपत आला तरी काटा जागचा हलेना. तेव्हा वन्सं धावून आल्या. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. त्या गल्लीच्या टोकाला राहतात, बदाम मोजून खातात आणि दुसऱ्याच्या ताटातलेही मोजतात. येताना त्यांनी एक पट्टा आणला होता. कातडीच्या रंगाचा, रबरासारखा, पाठीला हुकांची रांग.

"वहिनी, हा आतून घाला. दोन इंच जागच्या जागी गायब."

"जातात कुठे?" मी विचारलं.

"काय?"

"ते दोन इंच."

"तुमचं आपलं काहीतरीच!" वन्सं म्हणाल्या. पण प्रश्न रास्त होता. उत्तर मला वाढदिवसाच्या दिवशी मिळालं. ते वर जातात. गळ्याशी येऊन बसतात.

वन्संनी सकाळीच माझ्या पाठीला गुडघा लावून ते हुक ओढून बसवले. वर नवा ड्रेस घातला. आरशात पाहिलं तर खरंच कंबर होती! फक्त मला बसता येत नव्हतं, वाकता येत नव्हतं आणि 'फोटोग्राफर कधी येणार' एवढं वाक्य एका श्वासात पुरं होत नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले, कोपऱ्यात ठेवलेल्या छत्रीसारखी.

आतून सासूबाईंनी हाक मारली. "अगं, मला खुर्चीत आणून बसवतेस ना?"

सासूबाईंचे गुडघे गेलेत. सकाळी पलंगावरून खुर्चीत आणि संध्याकाळी खुर्चीतून पलंगावर, हे काम माझं. त्यांच्या काखेत हात घालायचा, त्यांनी माझ्या खांद्यावर मान टाकायची आणि एक, दोन, तीन. आम्हा दोघींना त्याची इतकी सवय झालीय की मध्ये बोलणंही थांबत नाही. मी गेले, हात पुढे केले आणि लाकडी बाहुलीसारखी नुसतीच पुढे कलले. कंबर असून नसल्यासारखी.

"सरक, मी उचलतो," हे म्हणाले. हे घड्याळं दुरुस्त करतात. बारीकसारीक काट्यांच्या बाबतीत यांच्या बोटांना तोड नाही, पण आई म्हणजे घड्याळ नव्हे. यांनी 'तीन' म्हटलं आणि मायलेक दोघंही पलंगावर उताणी पडली.

"तुझा बाप पण असाच होता," सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या. "अरे, हिला काय झालंय आज?"

"पट्टा सैल करा," मी यांना म्हटलं. "एकच हुक. मी आईंना उचलते, मग परत लावा."

आम्ही आतल्या खोलीत गेलो. यांनी डोळ्याला भिंग लावलं, हातात चिमटा घेतला आणि माझ्या पाठीमागे गुडघ्यावर बसले.

"एक हुक दुसऱ्यात अडकलाय. जरा श्वास आत घे."

"आत जागा नाही."

"मग बाहेर सोड."

"बाहेर सोडायला आत असायला हवा ना!"

चिमट्याचं टोक वाकलं. हे पक्कड शोधायला लागले. तेवढ्यात दारावरची बेल वाजली, वन्संनी फोटोग्राफरला आत घेतलं आणि बाहेरून ओरडल्या, "वहिनी, झालं का? आणि ढमी कुठाय?"

ढमी न्हाणीघरात होती. केव्हाची होती कुणास ठाऊक. यांनी दार वाजवलं, वन्संनी वाजवलं. आतून आवाज आला, "तुम्ही उभे राहा. मी काढते ना फोटो."

ते वाक्य ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. (एवढा पट्टा असूनही पडला.) शब्द माझे होते. 'ना'वरचा तो हसरा हेलसुद्धा माझाच. पण आवाज रडून बसलेला होता.

"फोटोग्राफर आलेत गं, तुला कशाला काढायचाय?" वन्सं म्हणाल्या.

"वन्सं, तुम्ही जरा बाहेर बसा," मी म्हटलं. यांनाही हातानंच जायला सांगितलं. मग दाराला तोंड लावून हळूच म्हणाले, "मी एकटीच आहे. उघड."

तिनं उघडलं.

स्वयंपाकघरात उरलंसुरलं अन्न झाकायला आम्ही पारदर्शक प्लास्टिकचा कागद वापरतो, त्याचं सबंध रीळ तिनं पोटाला गुंडाळलं होतं. थरावर थर. वर काखेपर्यंत, खाली मांड्यांपर्यंत. आतली कातडी लालभडक झालेली, कडेला वळ उठलेले. तोंड उतरलेलं. वरून घालायचा फ्रॉक हातात होता आणि एवढं करूनही तो अंगात होत नव्हता.

"कालपासून मी काहीच खाल्लं नाहीये," ती म्हणाली, "तरी होत नाहीये, आई."

मला तिला जवळ घ्यायचं होतं. पण वाकता येईना, हातही धड पुढे येईनात. आपल्या पोटच्या पोरीसमोर मी ओंडक्यासारखी उभी, आणि ती माझ्यासमोर डब्यात भरून ठेवलेल्या वस्तूसारखी. काय जोडी होती! एकीला तिच्या आत्यानं बांधलेलं आणि दुसरीला, खरं सांगायचं तर, मी. मी तिला कधी एक शब्दानं 'जाड' म्हटलं नव्हतं. त्याचा मला अभिमानही होता. पण ती चौदा वर्षं मला कुंडीमागे लपताना बघत होती, त्याचं काय?

"कात्री आण," मी म्हटलं.

"माझं कापणार?"

"आधी माझं."

"आई, तो आत्याचा आहे. महागाचा असेल."

"काप तू."

तिनं कात्री आणली, माझा ड्रेस वर केला आणि खालून कापत गेली. रबर चिवट होतं. मधेच ती थांबली. "आई, तुला पण वळ आलेत."

"येणारच. ते माणसासाठी केलेलंच नाहीये."

वरची कड तुटली तेव्हा असा आवाज झाला की बाहेरून यांनी विचारलं, "काय पडलं?" आणि मी श्वास घेतला. सकाळपासूनचा पहिला. मग खाली बसले, फरशीवर, ऐसपैस, आणि तिचा कागद सोडवायला लागले. तो सोडवता सोडवता ती रडली, मी पण रडले, आणि तो चिकट कागद कात्रीला, बोटांना, माझ्या केसांना चिकटायला लागला तसं आम्हाला हसू यायला लागलं.

"मला ढमी म्हणू नका," ती एकदम म्हणाली.

"नाही म्हणणार."

"बाबांना पण सांग."

"सांगते." मग मी दारातून हाक मारली, "अहो, काहीतरी खायला द्या."

दाराच्या फटीतून बिस्किटांचा पुडा आत आला. पाठोपाठ यांचा हात दिसला आणि हाताच्या पाठोपाठ वन्संचा चेहरा. त्यांनी फरशीवरचे तुकडे बघितले. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. पण वन्सं पुड्याकडे बघत होत्या.

"मी पण सकाळपासून काही खाल्लेलं नाही," त्या म्हणाल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "सकाळपासून म्हणजे, तसं बघितलं तर, कॉलेजात होते तेव्हापासून." आणि आमच्याशेजारी पालथ्या बादलीवर बसून त्यांनी पुड्यात हात घातला. मोजलं नाही.

लेकीनं तिचे नेहमीचे सैल कपडे घातले. मी माझ्या ड्रेसची बाजूची शिवण उसवली आणि वर जुनं जाकीट चढवलं. मग सासूबाईंना उचललं. एक, दोन, तीन. त्यांनी माझ्या खांद्यावर मान टाकली आणि म्हणाल्या, "आता कशी नेहमीसारखी वाटतेस."

फोटोग्राफर सगळ्यांना उभं करायला लागला. सवयीनं मी मागच्या रांगेत, यांच्या आड निघाले. (हे इतके किडकिडीत, की यांच्या आड जाणं म्हणजे काठीमागे कपाट लपवणं.)

"तिकडे कुठे चाललीस?" सासूबाई म्हणाल्या. "इथे बस. माझ्या शेजारी."

"आई, मी मागेच बरी."

"तू बरी असशील. मला टेकायला काय? या सगळ्यांची हाडं टोचतात."

मी बसले. त्यांनी आपला सगळा भार माझ्यावर टाकला. दुसऱ्या बाजूनं लेक येऊन टेकली. वन्सं मागे उभ्या राहिल्या. "ढ–" असं म्हणून यांनी जीभ चावली आणि लेकीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली. त्या नावाची आम्हालाच इतकी सवय नव्हती की फोटोग्राफरसकट सगळे आणखी कुणी यायचंय का म्हणून दाराकडे बघायला लागले.

फोटो आठवड्यानं आला. मी तो एकटीनंच पाहिला, आधी डोळे किलकिले करून, मग पूर्ण उघडून. मी त्यात जाड दिसत होते. तसा त्यात फोटोग्राफरचा काही दोष नव्हता. पहिल्यांदा वाटलं, खणात ठेवून द्यावा. पण बघत राहिले तसं लक्षात आलं, की त्या फोटोत कुणी ना कुणी माझ्यावर रेललेलं आहे आणि मी कशाच्याही मागे नाही. माझी समजूत एका फोटोनं बदलली असं मी म्हणणार नाही. दुकानाच्या काचेत स्वतःला बघून अजूनही मी पोट आत घेते. मग आठवतं, आणि सोडते. लेक सूप पीत नाही. भूक लागली की जेवते, आणि मी तिच्यासमोर जेवते, हे त्यातलं जास्त अवघड.

फोटो मोठा करून लावायचं मीच ठरवलं. दुकानदारानं साइज विचारली तेव्हा मी छाती पुढे काढून म्हटलं, "असेल तेवढी मोठी."

फ्रेम आली ती दोघांनी धरून. दारातून सरळ येईना म्हणून तिरकी करून घेतली. भिंतीवर लावायला गेलो तर एका बाजूनं खिडकीवर जायला लागली आणि दुसऱ्या बाजूनं कपाटावर. हे स्टुलावर चढले होते, दातात खिळे. त्यांनी खिळे काढून हातात घेतले, मागे कलून नीट अंदाज घेतला आणि सगळ्या घरादेखत म्हणाले,

"छान आहे गं. फक्त दोन्हीकडून थोडी कमी असती ना, तर शोभली असती."

सासूबाईंनी चष्मा लावला. लेकीनं कमरेवर हात ठेवले. वन्संच्या हातातलं बिस्किट तोंडाशी थांबलं.

"फ्रेम!" हे स्टुलावरून ओरडले. "अगं, मी फ्रेमबद्दल बोलतोय, फ्रेमबद्दल!"