शालिकभाऊंची बिनडोसाची बरणी

"गुरुजी, खोकला आला का?"

साकोलीत आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. रोज सकाळी तिच्या पलीकडून ही आरोळी यायची. मी "नाही" म्हणायचो. "बेस झालं!" म्हणून शालिकभाऊ मेश्राम स्वतः पोटभर खोकायचे आणि ते वहीत टिपून ठेवायचे.

लोक म्हणतात, म्हातारा चळला. तसं नाही हो. शालिकभाऊ कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होते. तिथले एक सर धातूंच्या ऑक्साइडची नॅनो पावडर माशांच्या पाण्यात टाकून काय होतं ते पाहायचे. पावडर इतकी बारीक, की नाकात गेली तरी कळू नये. भाऊ तोंडाला साधा रुमाल बांधून ती तोलत. जस्ताची पावडर टाकलेल्या बरणीतल्या मासोळ्यांचे कल्ले सुजत, त्या वर येऊन तोंडं उघडत. शेजारी एक बरणी बिनडोसाची, म्हणजे पावडर न टाकलेली असे. तिला म्हणायचं कंट्रोल. "कंट्रोल नसन तं मासोळी कायनं मेली, कसं समजन?" हे भाऊंचं पालुपद.

ते खूळ घरीही आलं. नवा साबण एका हाताला, जुना दुसऱ्या. डॉक्टरांनी नवरा-बायकोला ताकदीच्या गोळ्या दिल्या, तर वहिनींना एकही मिळाली नाही. "तू कंट्रोल होय ना!" वहिनींनी दोन्ही पाकिटं चुलीत घातली.

आता वहिनी नाहीत. कंट्रोल मी.

रिटायर झाल्यावर भाऊंना खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचा असेल. भाऊंना खात्री, पावडरचाच. "आपून एका वयाचे, एकाच नळाचं पानी पेतो. तुमी जिंदगीभर खडू घासला, मी पावडर तोलली. मंग तुमाले काहून नाही खोकला?"

मागच्या थंडीत मला खोकला आला. खरं सांगतो, आनंद झाला. म्हटलं, सुटला बिचारा!

"आला जी, आला!" मी ओरडलो.

भाऊ अनवाणीच धावत आले. वहीसुद्धा आणली नाही. माझ्या पाठीला कान लावला, कपाळ चाचपलं.

"अहो, खुश व्हा ना! म्हणजे तुमचा खोकला वयाचाच."

ते पायरीवर बसले.

"कायचा खुश जी? प्रयोग सरला का कंट्रोलच्या मासोळ्या भी कापा लागत. आतून कशा हायेत, पाहाले. त्याईले काईच झालं नोतं. मीच माह्या हातानं काढून देत होतो." उठून त्यांनी माझा दुपट्टा माझ्या गळ्याभोवती गुंडाळला. "मले आता काई समजून घ्याचं नाही, गुरुजी. तुमी चांगले राहा, बस."

मी त्यांना घरी जायला माझ्या चपला दिल्या.

दुसऱ्या सकाळी आरोळी आली. घसा नुसता खवखवत होता. मी दुपट्टा तोंडात कोंबला, डोळ्यांत पाणी येईतो खोकला दाबला आणि म्हणालो, "नाही!" खोटं बोलू नका म्हणून उभी हयात पोरांना छड्या मारलेला मी.

"बेस झालं," भाऊ म्हणाले.

नंतर कितीतरी वेळ भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला नाही. तेही दाबूनच बसले होते.