नेवारे काकांचा न आलेला बोर्ड

जो बोर्ड अजून जगात कुणी हातात घेतला नव्हता, तो नेवारे काकांच्या सदऱ्याच्या खिशात होता. पुठ्ठ्याचा. साडीच्या खोक्याचं झाकण कापून त्यांनी तो स्वतः बनवला होता. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीनं इंटरनेटवर टाकलेल्या एका धूसर फोटोवरून मापं काढली, कडेनं बॉलपेननं पिना रेखल्या, मधोमध चिप काळी केली, आणि मग वर्ध्याजवळच्या आमच्या पिपरी मेघेत जो भेटेल त्याच्या तळहातावर ते तो ठेवू लागले. भाजीवालीच्याही. ती बिचारी मेथीची जुडी सावरत विचारायची, "याचं काय करू जी मी?"

"काही नोको करू," काका म्हणायचे. "नुसतं वजन पाह्यजो. असली याहूनही हलका राहीन."

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बोर्ड म्हणजे माचिसच्या डबीएवढी एक पट्टी, आणि तिच्यावर बसवलेला चिमुकला संगणक. टाकी भरली की ओरड, अंधार पडला की दिवा लाव, असं एखादं काम त्याला शिकवलं की तो ते इमानेइतबारे करत राहतो. निदान कंपनीचं म्हणणं असं आहे. काकांच्या हाताखाली आलेले बोर्ड जरा स्वतंत्र बाण्याचे निघतात.

आम्ही त्यांचे भिंतीला भिंत लागून शेजारी, त्यामुळे या स्वतंत्र बाण्याचा प्रसाद आधी आम्हाला मिळतो. गेल्या उन्हाळ्यात काकांनी आपल्या कूलरला एक बोर्ड लावला. गवत वाळलं की पंप आपोआप सुरू व्हावा, अशी योजना. त्याच उत्साहात आमच्या दाराला त्यांनी बिनवायरची बेल बसवून दिली. पुढे असं झालं की त्यांचा पंप सुरू झाला की आमची बेल वाजायची. वर्ध्याच्या मे महिन्यात कूलरचं गवत सारखं वाळतं. माझ्या सासूबाई दुपारभर उठून दार उघडत, बाहेरच्या रणरणत्या उन्हाला "कोन हाय जी?" म्हणून विचारत, आणि परत येऊन पडत. आठवडाभरानं त्यांना सवय झाली. माझा भाऊ भर दुपारी नागपूरहून आला, बेल वाजवून वाजवून थकला, तेव्हा आतून सासूबाई मला म्हणत होत्या, "बसून राह्य, नेवाऱ्याचा कूलर हाय तो."

मी तक्रार घेऊन गेले. मी देवळीच्या शाळेत शिकवते म्हणून काका मला मॅडम म्हणतात. सगळं ऐकून घेऊन ते खूशच झाले.

"म्हणजे सिग्नल तुमच्या घरापावतर पोचते मॅडम. रेंज चांगली आहे."

"पण बेल उगाच वाजते ना काका."

"नव्यात येऊन राह्यलं ते."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. जुन्या बोर्डाचा जो काही दोष असेल, त्याचा इलाज या अजून न आलेल्या नव्या बोर्डात येऊन राह्यला असतो. त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा माणूस हलला तरच चालू राहतो. स्तब्ध उभं राहिलं की माणूस गेला असं समजून विझतो. म्हणून चहा उकळेपर्यंत काका एका हातानं सांडशी हवेत फिरवत उभे असतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, गॅसची आरती चालली आहे. तेही नव्यात येऊन राह्यलं.

नव्या बोर्डाची घोषणा झाली त्या संध्याकाळी नेमकं अल्लीपूरला त्यांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, आणि आम्हीही सोबत गेलो होतो. गोरज मुहूर्त. काका कानात वायर खुपसून मांडवात उभे राहिले, मूठभर अक्षता घेऊन. मंगलाष्टकं चालली होती. मध्येच त्यांच्या कानात कंपनीच्या माणसानं पडदा सरकवला असावा, कारण काकांनी एकदम सगळ्या अक्षता उधळल्या आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. शेजारच्यांना वाटलं, लागलं. त्यांनीही उधळल्या. बघता बघता सगळा मांडव टाळ्या वाजवू लागला, बँडवाल्यानं ठोकायला घेतलं, आणि अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना नवरा-नवरी हार धरून गोंधळून उभी. भटजींची शेवटची अष्टकं बाकी होती. ती त्यांनी बँडवर ओरडून म्हटली. परतीच्या वाटेवर गाडीत काका मला हळूच म्हणाले, "मॅडम, दोन्ही लागले. पोरीचंही अन् बोर्डाचंही."

आता हे वेड आलं कुठून, तेही सांगते.

काका टेलिफोन खात्यातून रिटायर झाले. जन्मभर खांबावर चढून, खड्ड्यात उतरून लोकांच्या लाइनी जोडल्या. स्वतःला मात्र फोनवर बोलणं कधी जमलं नाही. मुलगा प्रफुल पुण्याला नोकरीला. तो रविवारी फोन करायचा, काकू उचलायच्या. त्यांचं मनसोक्त बोलून झालं की फोन काकांच्या कानाला लावायच्या. "हं. बरा आहेस? हं. घे, मायसंग बोल." संपलं. असे बाप आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यात नवल नाही. पण दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. मग रविवारचा फोन आला तेव्हा तो परत द्यायला घरात कुणी नव्हतं.

हे मला काकांनीच सांगितलं, स्क्रू फिरवता फिरवता, मान वर न करता. कित्येक रविवार "जेवले?" "हो, तू?" "हो" एवढ्यावरच निघाले. एकदा प्रफुललाही काही सुचेना, म्हणून तो बोलून गेला, "बाबा, असे छोटे बोर्ड येतात आजकाल. पाठवू का एखादा? तुम्ही रेडिओ उघडत होते न." काकांनी विचारलं, "त्याले वायरी किती?" त्या दिवशी दूध उतू जाऊन पातेलं करपलं, तरी फोन चालूच होता. तेव्हापासून बापलेकांचं दर रविवारी गुऱ्हाळ चालतं. नव्यात काय असेल, कधी येईल, आला की काय करायचं. कंपनीनं मध्ये तारीख पुढे ढकलली तेव्हा इंटरनेटवर लोक चिडले होते म्हणे. काकांनी आम्हाला पेढे दिले.

घोषणा झाल्याबरोबर प्रफुलनं बोर्ड मागवला. पार्सल आलं तेव्हा काका बँकेत गेले होते, म्हणून कुरिअरवाल्यानं माझं नाव लिहून घेऊन ते आमच्याकडे दिलं. काका आल्या आल्या मी धावत नेऊन दिलं. वाटलं, आता हा माणूस अंगणात नाचणार. काकांनी पार्सल दोन्ही हातांनी घेतलं, कानाशी हलवून पाहिलं, "लय उपकार झाले मॅडम" म्हणाले आणि दार लोटून आत गेले. नंतर काहीच आवाज नाही. मला तर जरा रागच आला.

रविवारी मी सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, घेऊन गेले. काका फोनवर होते, स्पीकर लावलेला. पार्सल फ्रिजवर होतं. चिकटपट्टी जशीच्या तशी.

"आला का बाबा?" प्रफुल विचारत होता.

"नाई न बाप्पा," काका म्हणाले. "कुठी अडकला कोन जाने."

"येईन. आला की पह्यले काय करता?"

मग काकांची गाडी सुटली. पहिल्यांदा कूलर, मग टाकी, मग मॅडमची बेल. मी ताटली हातात धरून दारातच उभी. बोलणं आटोपलं, काका वळले, मी दिसले. त्यांनी आधी फ्रिजकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फोडला की चालू होईन मॅडम," ते म्हणाले. "चालू झाला की संपलं. मंग तो विचारन, जेवले का, अन् मी म्हणन, हो."

मला फार माया आली त्यांची. ताटली ओट्यावर ठेवली आणि घरी आले.

पुढच्या रविवारी संध्याकाळी माझाच फोन वाजला. प्रफुल होता.

"ताई, पार्सल पोचलं त्याच दिवशी मले मेसेज आलता. घेणाऱ्यात तुमचं नाव होतं."

मी चाचरले. काकांना सांभाळून घ्यावं म्हणून काहीतरी जुळवू लागले.

"असू द्या ताई. मले माहीत आहे हे बाबाले सांगू नका, एवढंच. आईसंग बोलाचो तं बाबा बाजूले बसून राहात. मले वाटे, त्यायले माह्यासंग बोलाचंच नाई. आता खोटं का होईना, पन घंटाभर बोलतात. मी दिवाळीले येऊन राह्यलो. तवा संगं बसून फोडतो. तोपर्यंत मी विचारत जातो, आला का म्हणून."

मी बरं म्हटलं. त्यानं फोन ठेवला आणि लगेच पलीकडे काकांच्या घरात रिंग वाजली. आमच्या खिडकीतून त्यांचं स्वयंपाकघर दिसतं. काका कणकेच्या हातानंच धावत आले, कोपरानं स्पीकर लावला. "नाई रे बाप्पा," ते सांगत होते, "अजून नाई आला." खोटं बोलताना इतका सुखी माणूस मी आजवर पाहिला नाही.