गजाभाऊ माणसे सोडवतात

फोटोतून एखाद्याला वगळायचे असले की गजाभाऊ आधी त्याची परवानगी मागतात. संगणकाच्या पडद्याकडे पाहत अदबीने म्हणतात, "मावशी, जरा बाजूला होता का?" मावशी अर्थातच होत नाहीत. मग गजाभाऊ माउस सरकवत, कडेकडेने एकेक टिंब देत त्यांना बाजूला करतात.

यावरून आमच्या नारपोलीत त्यांना वेडे ठरवणारे बरेच आहेत. मी न्यायालयात लेखनिक होतो. ऐकीव माहिती आणि साक्ष यांतला फरक मला कळतो, आणि गजाभाऊंविषयी जे बोलले जाते त्यातले बहुतेक ऐकीव आहे.

त्यांचा स्टुडिओ लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यावर, पहिल्या मजल्याला. खाली लूम सुरू झाले की वर टेबल थरथरते, तरी त्यांची रेघ हलत नाही. लोक म्हणतात, ते संथ आहेत. खोटे. ते चोख आहेत. हल्ली एक बटण दाबले की मागचे सारे नाहीसे होते. ते बटण त्यांच्याकडेही आहे. पण "बटन कापतं. मानूस कापायचा नसतो, सोडवायचा असतो," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

एकदा मानकोलीचे एक ट्रान्सपोर्टवाले वाढदिवसाच्या बॅनरसाठी एका साखरपुड्यातला आपला फोटो घेऊन आले. शेजारी त्यांचा मेहुणा उभा होता, आणि दोघांत बोलणे बंद होते. गजाभाऊ पडद्याला म्हणाले, "पाव्हनं, जरा सरका. दाजींचा वाढदिवस हाय."

"त्याला काय विचारता?" ट्रान्सपोर्टवाले भडकले.

"मग तुमी इचारा. फोन लावा."

पुढे तिथे हाणामारी झाली असे सांगतात. वस्तुस्थिती अशी की ते गृहस्थ पाय आपटत निघून गेले, आणि बॅनर लागला तेव्हा शुभेच्छुकांत पहिला फोटो मेहुण्याचा होता.

आता माझ्या घरातल्या फोटोविषयी. आमच्या इमारतीतले बापू सांगत फिरतात की गजाभाऊंनी काम बिघडवले, आणि म्हणून नानांच्या, म्हणजे माझ्या, भिंतीवर जिवंत माणसाला हार चढतो. बापू तिथे नव्हते. मी होतो.

पत्नीचे वर्षश्राद्ध जवळ आले होते आणि भिंतीवर लावण्याजोगा तिचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की ती स्वयंपाकघरात जाई. भाचीच्या हळदीतल्या एकाच फोटोत ती मनमोकळी हसली होती. शेजारी मी, भोवती पाहुणे. तिला एकटीला काढून द्या, असे सांगून मी गजाभाऊंच्या मागे बसलो.

त्यांनी विहीणबाईंना विनंती केली. एका गृहस्थांना, "काका, ताट घेऊन तिकडं बसा," म्हणाले. मग माझ्यापाशी आले आणि थांबले.

"काय झालं?"

"आता तुमी हाय, नाना."

"मग सांगा बाजूला व्हायला. इतरांना सांगता तसं."

"ते ऐकत न्हाईत म्हनून सांगतो. तुमी ऐकताय."

त्यांनी चित्र मोठे केले. तिचा पदर माझ्या बाहीवर आला होता. "हितं कडच न्हाय," ते म्हणाले. "बटन दाबलं तर निघाल तुमी. पन पदर फाटंल."

मी खुर्ची पुढे ओढून तो पदर जवळून पाहिला. मग म्हणालो, "राहू द्या." निर्णय माझा होता. त्याचा दोष बापूंनी दुसऱ्या कोणाला देऊ नये.

श्राद्धाच्या दिवशी माझी बहीण कडाडली, "जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का, दादा? तुला काही वाटतं की नाही?" इस्त्रीचा सदरा घालून आलेले गजाभाऊ स्टुलावर चढले. त्यांनी एक जादा खिळा ठोकला आणि हार फक्त तिच्या बाजूने उतरेल असा अडकवला. "आता झालं, ताई?"

बहिणीने त्यांना आग्रहाने वाढले. वाढताना विचारले, "घरी कोण कोण असतं?"

"मीच," गजाभाऊ म्हणाले, आणि त्यांनी कढी मागितली.

सारे निघण्यापूर्वी भाचीने सर्वांचा एक फोटो काढायचे ठरवले. गजाभाऊ आमच्यात आले, पण हातभर अंतर राखून उभे राहिले. मी म्हणालो, "जवळ या."

"असू द्या, नाना. पुढंमागं मला काढायचं झालं तर सोपं पडंल."

मी त्यांचा दंड धरून त्यांना ओढून घेतले, आणि फोटो निघाल्यावरही बराच वेळ सोडला नाही.