चंद्राआत्याची फुलं

आमच्या घरात आलेला कागद फार दिवस सपाट राहत नसे. गुळाच्या ढेपेवरचा असो की उदबत्तीच्या पुड्याचा, चंद्राआत्याच्या हाती लागला की त्याचं फूल होई. औरंगाबादेच्या कॉलेजातून मी पाठवलेलं पहिलं पत्र बापूंनी मास्तरांकडून वाचून घ्यायच्या आतच फूल होऊन देवळीत बसलं होतं. बापू चिडले, तर त्यांची ही थोरली बहीण म्हणाली, "काहून वरडून राहिला? उलगड अन् घे वाचून. कात्री थोडीच लावली म्या?"

कात्री न लावणं हा तिचा धर्म होता. चौकोनी कागद कोनावर कोन ठेवून दुमडायचा, घडीवरून अंगठ्याचं नख ओढायचं, पुन्हा दुमडायचा आणि शेवटी निंबाच्या काडीवर एकेक पाकळी वळवायची. "कापायला काय," ती म्हणे, "उंदीर बी कापतो."

कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिलाच. तिथं आम्हाला मंतिक, म्हणजे तर्कशास्त्र, उर्दूतून शिकवतात; संस्थानची भाषाच ती. एक वस्तू एकाच वेळी अमुक आहे आणि नाही, असं होत नाही, हा त्यातला नियम मी पाठ केला आहे. आत्याला तो कधी लागू पडला नाही.

आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली. विधवेनं फुलं माळायची नाहीत, लग्नकार्यात फुलांना हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. कुणी टोकलं, "चंद्रे, तुला कशाला गं फुलं?" की ती मान ताठ करून म्हणे, "फूल न्हाई, कागद हाय." आणि शेजारच्या काकूनं चूल पेटवायला त्यातलं एक उचललं तेव्हा तिच्यावर धावली, "फूल जाळतीस व्हय गं? हात झडंल!"

"आत्या, एकदा काय ते ठरव," मी म्हणालो.

"तू ठरव. कॉलेजात तू हाइस."

गेल्या वैशाखात माझ्या बहिणीचं, सखूचं लग्न निघालं. मांडवाची फुलं आपण करायची, हे आत्यानं कुणाला न विचारता ठरवलं. जगभर चाललेल्या लढाईमुळे रंगीत कागद मिळेना. मी औरंगाबादेहून आणलेले पतंगाचे कागद संपले, मग माझी मंतिकची वही संपली. दोन टोपल्या भरल्या.

आणि वाशीमहून विहीणबाईंचा निरोप आला : "जिच्या कपाळी कुंकू न्हाई तिच्या हातची फुलं मांडवात नको. फुलं आमी आणू."

आत्यानं टोपल्या माळ्यावर ठेवल्या. "कागद हाय म्हणून सांगायचं व्हतं," ती म्हणाली. पण या वेळी मान ताठ नव्हती.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड दुपारी यायचं ते दिवस कलताना आलं. वाटेत कनेरगावच्या जकात नाक्याअलीकडे फुलांच्या गाडीचं चाक निखळलं होतं. विहीणबाईंनी करंडी उघडली. वैशाखाच्या उन्हात मोगऱ्याची भाजी झाली होती.

गोरज मुहूर्त जवळ आलेला, मांडव उघडाबोडका. चारचौघांत बोलायची मला सवय नाही. तरी म्हणालो, "विहीणबाई, घरात फुलं नाहीत. पण... कागद आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग करंडीतल्या भाजीकडे.

"कागदच ना?"

"कागदच."

"मंग लावा ना! उभे काहून राहिले?"

मी माळ्यावर कसा चढलो ते मला आठवत नाही. पोरीसोरी, वऱ्हाडी, बापू, सगळे खांबांना फुलं बांधू लागले. दिवे लागले तेव्हा मांडवात निळी, तांबडी, पिवळी बाग उभी होती आणि मधूनमधून माझं मंतिक शाईच्या ओळींसकट पांढरं फुललं होतं. विहीणबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "काय फुलं हायेत गं बाई!"

स्वयंपाकघराच्या दाराआडून आवाज आला, "फुलंच हायेत ती!"

मांडव हसला. विहीणबाईसुद्धा हसल्या. जाताना एक टोपली त्यांनी मागूनच घेतली.

निघायच्या आधी सखू मागच्या दारी आत्याला भेटायला गेली. मी तिथंच होतो. तिनं मांडवातलं एक गुलाबी फूल खुडून आणलं होतं. ते आत्याच्या अंबाड्याकडे नेताच आत्या मागं सरकली. दोन्ही हातांनी तिनं डोक्यावरचा पदर धरला.

"न्हाई गं लेकरा. फूल हाय ते."

"कागद हाय, आत्या."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिली.

"कागदच आहे, आत्या," मी म्हणालो.

तिनं पदर मागं सारला आणि मान खाली घातली.

"नीट खोच," ती म्हणाली. "घडी मोडंल."