धाकटीची रिकामी खुर्ची

"खुर्चीचे ब्रेक तपासलेस?" दादाने पुन्हा विचारलं.

"तपासले."

"पाणी? टोपी? शिट्टी?"

"शिट्टी कशाला रे? मी तळ्यावर फिरायला चाललेय, मॅच खेळवायला नाही."

"असू दे गं. गळ्यात अडकव."

धाकटीने शिट्टी गळ्यात अडकवली. चाळिशी उलटली तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या घडवायची. शहरातली कितीतरी म्हातारी मंडळी तिच्या कृपेने हसत होती. लहानपणापासून व्हीलचेअरवर होती आणि चिंचोळ्या दारातून खुर्ची काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दादा मात्र विमा कंपनीत. लोक कुठे पडले, कसे घसरले आणि कशात बुडाले, हेच दिवसभर वाचायचं त्याचं काम. त्यामुळे रस्त्यातला प्रत्येक खड्डा खास आपल्या बहिणीसाठी खणलाय, अशी त्याची खात्री झाली होती.

पुढच्या महिन्यात डोंगरात आठ दिवसांची सहल होती आणि धाकटीने नाव देऊन टाकलं होतं. परवानगी मागायचं वय केव्हाच मागे पडलं होतं. पण दादाने तोंड पाडलं की आई भरल्या ताटावरून उठायची, आणि आईला उपाशी ठेवून गेलेल्या धाकटीला डोंगर काही गोड लागला नसता. शेवटी बहीणभावांत तह झाला. आज तिने एकटीने तळ्यावर जाऊन यायचं. सगळं सुरळीत झालं तर दादा स्वतः आईची समजूत घालणार. काही विपरीत घडलं तर डोंगर रद्द.

"आणि तू मागे मागे यायचं नाहीस," धाकटीने बजावलं.

"छे! मला काय दुसरे उद्योग नाहीत?" असं म्हणून दादा उगाचच पंख्याकडे बघू लागला.

बसमधून तळ्यापर्यंतचा प्रवास छान झाला. तळ्याकाठी एका सद्गृहस्थाने काही न विचारता मागून तिची खुर्ची धरली आणि ढकलत थेट चढावर नेऊन ठेवली. धाकटीला उतारावर जायचं होतं. तिने आभार मानले, ते दिसेनासे होईपर्यंत दम धरला आणि मग आपली आपण खाली उतरून धक्क्यावर आली.

"होडीत बसायचं का, ताई?" होडीवाल्याने विचारलं. त्याची वरची कवळी सैल आहे, हे तिला एवढ्यावरूनच कळलं.

आजवर सगळी तळी तिने काठावरूनच पाहिली होती.

"बसायचंय. पण मला धरू नका, होडी धरा."

होडीवाला शहाणा होता, त्याने होडी धरली. धाकटीने खुर्ची अगदी कडेला लावली, ब्रेक आवळले, टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि हातांच्या जोरावर अलगद होडीत सरकली. लाइफ जॅकेट चढवलं आणि स्वारी निघाली. होडीत सगळेच बसलेले असतात, हे आज पहिल्यांदाच तिच्या ध्यानात आलं. तळ्यातल्या बेटामागे गेल्यावर तिने दोन्ही हात पाण्यात सोडले आणि एकटीच खुदकन हसली. ती फार सुखात होती.

बेटाला वळसा घालून होडी परत फिरली, तर समोर ही धांदल! पाच-सहा होड्या पाण्यात उतरल्या होत्या, लोक बांबूंनी तळ ढवळत होते आणि काठावर ही गर्दी लोटली होती.

"एक लहान मुलगी बुडालीय!" जवळच्या होडीतून जीवरक्षक ओरडला. "तुम्हीपण बघा जरा!"

धाकटी डोंगर विसरली, दादाला विसरली आणि होडीच्या कडेवरून वाकून पाणी निरखू लागली. पाण्यात काही लाल दिसताच तिने प्राणपणाने शिट्टी फुंकली. सगळ्या होड्या तिकडे धावल्या. ती खाऊची रिकामी पिशवी निघाली.

"एवढ्या लहान पोरीला एकटीला सोडलंच कसं घरच्यांनी?" धाकटी कळवळून म्हणाली. आपण हुबेहूब दादासारखं बोललो, हे लक्षात येऊन ती जरा चपापली.

"आणि चालताही येत नव्हतं हो तिला," जीवरक्षक म्हणाला. "ती बघा, खुर्ची तशीच राहिलीय धक्क्यावर."

धाकटीने बघितलं. खुर्चीवर तिचीच टोपी होती.

"अहो, ती माझी खुर्ची आहे!"

"तुमची कशी असेल? तिच्या भावाने ओळखलीय. ओरडून सांगत होता, लहान आहे हो ती, तिला काही कळत नाही."

"भाऊ?" धाकटीने काठावरच्या गर्दीवर नजर फिरवली. "कुठाय तो?"

"त्याने तर कपड्यांसकट उडी टाकली. पोहता येत नाही, काही नाही. पहिल्यांदा त्यालाच बाहेर काढावं लागलं."

होडी धक्क्याला लागली. तोवर लोकांनी बुडता बुडता वाचलेल्या माणसाला हाताशी असलेल्या एकमेव खुर्चीत बसवलं होतं. टॉवेल पांघरून दादा तिच्या व्हीलचेअरवर कुडकुडत होता. तिला बघताच "धाकटे!" म्हणून तो ओक्साबोक्शी रडला.

"तू इथे काय करतोयस?"

"सहज आलो होतो. झाडामागे होतो. जरा कॉफी घ्यायला वळलो आणि बघतो तर खुर्ची रिकामी..."

धाकटीला संताप आला आणि त्याच दमात भरूनही आलं. बादलीभर पाण्याला घाबरणाऱ्या या माणसाने तिच्यासाठी तळ्यात उडी घेतली होती.

तेवढ्यात मागून जीवरक्षक आला. "बाई, हे तुमच्याबरोबर आहेत का?"

"माझा थोरला भाऊ."

"मग पाण्याजवळ असं एकटं सोडतात का माणसाला? बरोबर कोणीतरी जबाबदार नको?"

दादाने बोलायला तोंड उघडलं. धाकटीने त्याच्याकडे एकदाच बघितलं आणि त्याने ते मिटलं.

"चुकलंच माझं," धाकटी नम्रपणे म्हणाली. "आता पुढच्या महिन्यात आठ दिवस मी डोंगरात असणार. याच्याकडे नीट लक्ष ठेव, असं आईला बजावूनच जाईन."