सुट्या भागांची आरामखुर्ची

"परदेशात शूटिंग ना? तुम्ही फक्त ठिकाण सांगा, परवानगी माझ्याकडे लागली!" शिक्काभाऊ असं म्हणत, तेव्हा ती नुसती बढाई नसे. सिनेमा कंपनीत व्हिसे आणि परवाने काढणं हेच त्यांचं काम. एकदा त्यांनी परक्या मुलखातल्या पुलावर घोडा उभा करायची परवानगी आणली होती, आणि घोड्याला तिथे लघवी करायचीसुद्धा!

या खेपेला दिग्दर्शकाला बसून बसून झिजलेली आरामखुर्ची हवी होती. सेटवाल्यांनी दाखवलेली एकही त्याला खरी वाटेना. शिक्काभाऊ भरात बोलून गेले, "आमच्या सासऱ्यांची आहे की!"

सासरे भाऊंच्याच घरी राहत. त्या खुर्चीत बसून ते पेपर वाचत, घोरत आणि जावयावर नजर ठेवत. दुसऱ्या कुणाला तिच्यावर टेकायचीही सोय नव्हती.

"अहो, परत येईल ना ती?" बायकोने विचारलं. "बाबांचा जीव आहे तिच्यात."

"अगं, कस्टमचा नियमच आहे! नेताना सामानाची यादी द्यायची आणि तेवढं सगळं परत आणायचं. नाहीतर अख्ख्या युनिटला तिथून हलू देत नाहीत. तुझ्या बाबांच्या खुर्चीला दोन सरकारांचं संरक्षण आहे!"

तिकडे पोचल्यावर दिग्दर्शकाने आगीच्या प्रसंगाची परवानगी मागितली. भाऊंनी ती जेवणाच्या सुट्टीआधी आणली! 'एक लाकडी वस्तू जाळण्यास हरकत नाही.' कोणती वस्तू, हे काही त्यांनी विचारलं नाही. शिक्का मिळाला की भाऊंचं कुतूहल संपत असे.

शूटिंगच्या दिवशी चहाचा कप घेऊन ते अंगणात आले, तर मधोमध बाबांची खुर्ची, धडाडून पेटलेली!

"विझवा! अहो, विझवा!" पाण्याचा पाइप धरून उभ्या असलेल्या अग्निशमन जवानाच्या अंगावर ते धावून गेले.

"परवानगी पूर्ण जळेपर्यंतची आहे," जवान शांतपणे म्हणाला. "मध्येच विझवायची तर नवा अर्ज लागेल."

"किती वेळ लागेल?"

"आठवडा. पण तुम्ही आता ओळखीचे. चार दिवसांत करून देऊ."

परतीच्या दिवशी कस्टमच्या अधिकाऱ्याने यादीवर बोट ठेवलं. "आरामखुर्ची, एक?"

भाऊंनी राखेचं पोतं पुढे सरकवलं. वर खुर्चीचा कोळसा झालेला एक हात होता.

"ही खुर्ची?"

"बसून बघू नका, एवढीच विनंती."

मग त्यांनी आगीचा परवाना काढून दाखवला. एका खात्याने जाळू दिलेली खुर्ची दुसऱ्या खात्याच्या नियमाने परत न्यायला हवी होती! मागे सगळं युनिट घड्याळाकडे बघत उभं. अधिकाऱ्याने कपाळ चोळलं, छताकडे पाहिलं आणि शेवटी लिहिलं: 'आरामखुर्ची, एक. सुट्या भागांत.' वर शिक्का!

घरी सासरे दारातच उभे होते, काखेत खुर्चीवरची उशी. भाऊंनी मान खाली घालून पोतं ठेवलं आणि वर तो कागद. सासऱ्यांनी पोत्यात डोकावून पाहिलं.

"पडद्यावर दिसेल?"

"दिसेल म्हणजे? पडदाभर, बाबा! अख्खं थिएटर रडणार!"

सासऱ्यांनी नाक ओढलं. "मग असू दे. ढेकूण झाले होते तिच्यात. तुम्हाला चावतील म्हणून तर बसू देत नव्हतो."

जावई गहिवरले. सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी पोत्यासह त्यांचा सोफा ताब्यात घेतला, तेही त्यांना गोडच लागलं.

महिन्याभराने दिग्दर्शकाचा फोन आला.

"भाऊ, आगीचा प्रसंग कापला बरं का. ती खुर्ची फारच खोटी दिसत होती!"

सोफ्यावर बसून सासरे शेजाऱ्याला सांगत होते, "पहिल्याच दिवशी जायचं, सगळ्यांनी! खुर्ची माझी, आणि अभिनय म्हणाल तर अक्षरशः जीव दिलाय तिनं!"

शिक्काभाऊंनी फोन तोंडाजवळ घेतला आणि आवाज शक्य तितका खाली आणला.

"साहेब, प्रसंग परत घालायला कुणाची परवानगी लागते?"