आठ अक्षरांची सुलक्षणा

ज्या कचेरीत प्रश्न विचारणारा एकच आणि उत्तर देणाराही एकच असतो, तिथला कारभार बिनबोभाट चालतो. घाटकोपरच्या भटवाडीतल्या एका शाळेच्या कचेरीत गेली अठ्ठावीस वर्षं असाच कारभार चालू आहे. प्रश्न संगणक विचारतो, उत्तर हेडक्लार्क धोंडिराम देतात.

संगणक जुना आहे. इतका जुना, की त्याला माउस नाही आणि पडद्यावर चित्रं नाहीत. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. तिथे इंग्रजीत आज्ञा टाइप केली तरच तो हलतो. (आज्ञेशिवाय न हलणारे कचेरीत बरेच आहेत, आज्ञा दिल्यावर हलणारा तो एकटाच.) या आज्ञा धोंडिरामांनी तीन दिवसांच्या प्रशिक्षणात वहीत देवनागरीत उतरवून घेतल्या होत्या. वहीत 'सीडी स्पेस दाखले' असं लिहिलेलं असल्यामुळे पहिली दोन वर्षं ते तिथे मोकळी जागा सोडण्याऐवजी 'स्पेस' हा शब्दच इमानेइतबारे टाइप करत राहिले. त्या दोन वर्षांत शाळा सोडल्याचा एकही दाखला निघाला नाही. शाळेची गळती शून्य टक्के झाल्याबद्दल वरून अभिनंदनाचं पत्र आलं, ते फ्रेम करून लावलेलं आहे.

प्रशिक्षकांनी निघताना एक गोष्ट बजावली होती. "मशीनने काहीही विचारलं की वाय दाबायचं. एन दाबलंत तर मला बोलवावं लागेल, आणि मी येणार नाही." तेव्हापासून संगणकाने सुमारे नऊ हजार चारशे बारा प्रश्न विचारले आणि प्रत्येकाला होकार मिळाला. इतकी सकारात्मक कचेरी थेट मुलुंडपर्यंत सापडायची नाही.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता तिथे सुलक्षणा जाधव आली. ती मानखुर्दला राहते आणि एका रुग्णालयात अकरा वर्षं कंत्राटावर कक्षसेविका आहे. तिला आता कायम करायचं ठरलं होतं, फक्त शाळेचा दाखला संध्याकाळी पाचच्या आत द्यायचा होता. मूळ दाखला तिने कंत्राटदाराकडे जमा केला होता. पुढे तो कंत्राटदारासकट नाहीसा झाला.

संगणकाच्या खोलीबाहेर तिने चपला काढल्या आणि मोबाइलही ठेवला. (मोबाइलमधला व्हायरस मशीनला लागू नये म्हणून ही दक्षता आहे.) धोंडिरामांनी एका बोटाने आज्ञा दिली.

"सापडलीस बघ. सुलक्षणा परब."

"काका, ही मी नाय ना! मी जाधव. परब माझ्याच बेंचवर बसायची."

खुलासा सोपा होता. हा संगणक फाईलच्या नावाची आठच इंग्रजी अक्षरं ठेवतो. सुलक्षणा दहा अक्षरांची, त्यामुळे तिची शेवटची दोन तो गिळतो, आणि आडनावाला जागाच उरत नाही. वर्गात सुलक्षणा दोन. जाधवचा दाखला आधी तयार झाला, परबचा नंतर. नंतरच्या वेळी संगणकाने काहीतरी विचारलं होतं आणि धोंडिरामांनी वाय दाबलं होतं. कागदी रजिस्टरं तर संगणकीकरणाच्या आनंदात कधीच रद्दीत गेली होती.

"तुझा दाखला नाही," धोंडिराम शांतपणे म्हणाले, "म्हणजे तू शाळा सोडलीच नाहीस."

"मग मी वीस वर्षं काय करतेय?"

"गैरहजर आहेस."

सुलक्षणाला रडू आलं, पण रडण्याने वीस वर्षांची हजेरी भरून निघत नाही. तिने रजेचा अर्ज लिहिला. कारण: लग्न, दोन बाळंतपणं, सासूचं आजारपण, नोकरी. पालकांची सही हवी म्हणून तिची आई सोनूबाई, वय एकाहत्तर, रिक्षाने आली आणि लेकीच्या गैरवर्तनाबद्दल तिने लेखी दिलगिरी व्यक्त केली. अर्ज मंजूर झाला तेव्हा पावणेचार वाजले होते.

धोंडिरामांनी कोऱ्या दाखल्याची प्रत सुलक्षणाच्या नावाने करायची आज्ञा दिली. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न उमटला आणि त्यांचं बोट सवयीने वायकडे निघालं.

"थांबा काका! तो विचारतोय, परबचा दाखला पुसू का?"

"विचारू दे. त्याचं कामच ते."

अठ्ठावीस वर्षांत तो प्रश्न पहिल्यांदाच कोणीतरी वाचला होता.

"दुसरं नाव द्या ना. नावाच्या आधी दोनचा आकडा टाका."

"नाव बदलायचं तर गॅझेट लागतं."

"मग परबचा आधी छापून तरी घ्या."

"दुसऱ्याचा दाखला तुझ्या हातात कसा देऊ? शाळा आहे ही, काही नियम आहेत."

सुलक्षणाला परब आठवली. मधल्या सुट्टीत डब्यातली अर्धी कोलंबी न मागता देणारी, गणितात कच्ची, हसली की थांबायची नाही. तिचं खूप वाईट वाटलं. मग तिने घड्याळाकडे बघितलं. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

"सरका काका," ती म्हणाली आणि वाय तिने स्वतःच्या बोटाने दाबलं.

पाचला दहा कमी असताना दाखला रुग्णालयात पोचला. सुलक्षणा जाधव आता कायम आहे. तिने वॉर्डात पेढे वाटले, तेही काजूचे. त्याच दिवसापासून सुलक्षणा परब शाळेत पुन्हा दाखल झाली असून तूर्तास गैरहजर आहे. तिला अजून ते माहीत नाही.

आपण एन दाबलं असतं असं ज्या वाचकांना वाटतं, त्यांचं मनापासून कौतुक. त्यांनी आपलं नाव इंग्रजीत लिहून अक्षरं मोजावीत. आठच्या आत बसलं तरी निर्धास्त राहू नये, कारण त्याच नावाचं दुसरं माणूस आत्ता चपला काढून आत गेलंय. तेही सज्जनच आहे, फक्त त्याला पाचच्या आत पोचायचंय.